कात्रीची खूण

कॅनरी वॉर्फ, सत्ताविसावा मजला.
मॉर्वेना पास्कोनं जन्मात
एकही व्हिडिओ गेम खेळलेला नाही,
आणि तिच्या टेबलावर
सहाशे चाळीस पानांचं
दोन कंपन्यांचं लग्न येऊन पडलंय.

वर हॅलबर्ड, अंगापिंडानं धिप्पाड.
वधू टिनलँटर्न, तिच्या पदरात
साडेचार कोटी खेळाडू
आणि एक घोडा.
(घोड्याचं पुढे येईल.)

या लग्नाला कुणाची हरकत आहे का,
एवढंच विचारायचं, पगार त्याचाच.
पण आधी ठरवायचं, बाजार म्हणजे काय.
कन्सोल हा एक बाजार?
की कन्सोल, संगणक, फोन मिळून एक?
आणि ढगातून येणारा खेळ,
तो वेगळा बाजार, की याच बाजाराची मागची गल्ली?
दोन महिने हेच.
भाजीबाजाराला निदान कुजका पाला असतो,
बाजार कुठं संपला ते पायाला कळतं.

कंपनीचं गुपित जिथं येईल
तिथं आकडा खोडून कात्रीची बारीक खूण छापायची,
असा इथला रिवाज.
ती रात्री अहवाल मोठ्यानं वाचते:
विलयानंतर किंमत कात्री टक्क्यांनी वाढेल,
प्रतिस्पर्ध्यांना कात्री महिन्यांनी
कात्री.
ताकाला आलेत सगळे,
भांडी तेवढी कात्रीमागं.

वकील येतात. एकाच्या कफलिंकवर चांदीचं बदक.
बदक म्हणतं, ग्राहकाचं नुकसान दाखवा.
ती आलेख दाखवते.
बदक दुसरा आलेख दाखवतं.
दोन्ही रेघा वर जातात,
खिडकीबाहेर थेम्सची ओहोटी.

लोकांची पत्रं दोन हजार एकशे सहा.
निम्मी शिव्यांची, त्याही एकमेकांना.
एक डंडीहून, इनेस मॅक्वॅटीचं:

‘तो पुलावरचा घोडा मी केला.
तिसऱ्या फळीवर तो गुडघ्याएवढा लाकडात बुडतो.
चूक माझीच. सहा वर्षं दुरुस्ती पुढं ढकलली,
तोवर लोक तिथं भेटायला लागले.
बुडक्या घोड्यापाशी, आठ वाजता, असं म्हणतात.
नव्या मालकाला कुणीतरी सांगा,
तेवढं दुरुस्त करू नका.’

तिनं साहेबांना विचारलं, हे कुठल्या रकान्यात घालू?
ओलुमिदे साहेबांनी चष्मा काढला,
पत्र दोनदा वाचलं.
चांगला माणूस.
म्हणाले, आपल्या हानीच्या सिद्धांतात
घोडा नाही.

मंजुरी मिळाली. अटींसह.
ढगातले हक्क दहा वर्षं
सगळ्यांना सारख्या भावानं.
दहा वर्षांच्या अक्षता:
तांदळाच्या की वाटाण्याच्या,
ते दहा वर्षांनी कळेल,
तेव्हा ही फाइल दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर असेल.

मार्चमध्ये डंडीचं ऑफिस बंद झालं.
एकाहत्तर माणसं. बातमी चार ओळींची.
तिनं अहवाल पुन्हा चाळला,
नोकऱ्यांच्या जागी कात्री शोधली.
नव्हती.
खोडायला आधी काही लिहावं लागतं.

मग एका शनिवारी लुइशमच्या दुकानातून
तिनं जुना कन्सोल आणला.
सरळ चालायला शिकण्यात चाळीस मिनिटं गेली.
तीनदा नदीत पडली.
एका डुकरानं मारलं.
पूल सापडला तेव्हा आठ वाजून गेले होते,
इकडचेही, तिकडचेही.

कुणी नव्हतं.

पहिली फळी.
दुसरी.
तिसरीवर तिनं श्वास धरला.
घोडा टापा वाजवत
सरळ पलीकडं गेला,
नवाकोरा, गुळगुळीत.

कुठंच काही
बुडालं नाही.